स्कूटरवरचा स्पीकर : आवाजाच्या आधी फ्यूज



आजवर या कार्यक्रमात आम्ही मसाल्याच्या पॅकिंगवर बोललो, वाळवणांवर बोललो, अंतर्गत कर्जाची वही कशी लिहायची यावर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ह्या बायकांचं हे काय नवीन! आज आम्ही सांगणार आहोत मोटारसायकलवर किंवा स्कूटरवर अँप्लिफायर आणि स्पीकर कसे जोडायचे ते. वायरिंगसकट. तेव्हा कुकर लावला असेल तर शिट्या मोजायचं काम घरात दुसऱ्या कुणाला तरी द्या.

हा विषय आमच्याकडे दोन वाटांनी आला. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. फोटोही दरवर्षी छापून येतात. त्यातल्या काहींना आपल्या गाडीवर स्पीकर हवा असतो आणि त्या दोन दिवस आधी जागं होऊन मेकॅनिक शोधत फिरतात. दुसरी वाट परळ-लालबागची. आमच्या गटातल्या तिघी स्कूटरवरून माल विकतात. सकाळी पोळी-भाजीचे डबे, संध्याकाळी इडली-चटणी, दिवाळीत फराळ. पूर्वी चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारली की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून टोपली खाली यायची. आता चाळींचे टॉवर झाले. विसाव्या मजल्यावर हाक कशी जाणार? म्हणून तिघींच्या मनात भोंगा आला.

त्यातल्या एका वहिनींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून स्कूटर घेतली होती, हप्ते चालू होते. त्यांनी एका मिस्त्रीकडून भोंगा बसवून घेतला. तीन आठवडे छान वाजला. चौथ्या आठवड्यात सकाळी भोईवाड्याकडे वळताना हँडलच्या खालून धूर यायला लागला. वहिनींनी गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. बाजूच्या एका टॅक्सीवाल्या काकांनी ओरडून सांगितलं, ‘‘ताई, पाणी मारू नका, आधी बॅटरीची वायर काढा!’’ आणि स्वतःच धावत येऊन काढली. वहिनींना काही झालं नाही, पण गाडीची पुढची सगळी वायरिंग वितळली होती. दुरुस्तीला नेली तर ‘‘बाहेरचं काम आहे, वॉरंटीत बसत नाही,’’ असं उत्तर मिळालं. गाडी अकरा दिवस उभी. डबे बसने पोचवले, चार गिऱ्हाईकं तुटली आणि हप्त्याची तारीख काही कुणासाठी थांबली नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही ती जळलेली वायर टेबलावर ठेवली. गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती आमची मास्तरीण झाली. तिने ती वायर हातात घेऊन तीन गोष्टी दाखवल्या. वायर बॅटरीला थेट जोडलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता. वायर घरातल्या कॉलबेलची, केसासारखी बारीक होती. आणि ती हँडलच्या मानेतून अशी ओढून नेली होती की प्रत्येक वळणाला लोखंडावर घासायची. तीन आठवडे घासून वरचं प्लास्टिक गेलं, आतलं तांबं गाडीच्या सांगाड्याला टेकलं, म्हणजे बॅटरीचा प्लस सरळ मायनसला भिडला. किल्ली काढून काही उपयोग नव्हता, कारण ही वायर किल्लीच्या अलीकडची होती.

भोंग्याने गाडी जाळली नाही. दहा-वीस रुपयांचा फ्यूज नव्हता म्हणून जळली. हे कळल्यावर आम्ही दोन रविवार बसलो आणि शिकलो. आता एक एक करून सांगतो.

सुरुवात बॅटरीपासून. चाळीत वाढलेलीला हे समजावणं सोपं आहे. बॅटरी म्हणजे मोरीतलं पिंप. इंजिन चालू असताना गाडीचा मॅग्नेटो वीज तयार करतो, ते नळाला येणारं पाणी. पिंप किती मोठं हे बॅटरीवर लिहिलेलं असतं, अँपिअर-अवरमध्ये, थोडक्यात एएच. बऱ्याच गिअरलेस स्कूटरचं पिंप ३ ते ५ एएचचं, बुलेटचं ८ किंवा त्याहून मोठं. स्पीकर म्हणजे पिंपाला लावलेली नवी तोटी. गाडी वेगात असली की नळाची धार मोठी असते, पिंप भरलेलं राहतं. पण शोभायात्रेत गाडी चालते पावलापावलाने, इंजिन मंद, धार बारीक. गल्लीत माल विकताना तर इंजिन बंदच. तेव्हा स्पीकर पिंप रिकामं करत असतो आणि परत निघताना सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते. नऊवारीत बुलेटला किक मारून बघा, मग कळेल.

म्हणून आमचं मत असं आहे की मिरवणुकीसाठी आणि विक्रीसाठी गाडीच्या बॅटरीला हातच लावू नये. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी मिळते, दोन किलोच्या आसपास वजनाची. ती डिकीत पट्ट्याने घट्ट बसवायची आणि रात्री घरी त्याच प्रकारच्या बॅटरीच्या चार्जरला लावायची. मध्यम आवाजात स्पीकर सरासरी एक-दीड अँपिअर घेतो असं धरलं आणि बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं ठरवलं, तर दोन-अडीच तास आरामात मिळतात. शोभायात्रेला पुरतात. गाडी फक्त गाडीचं काम करते. फ्यूज मात्र या वेगळ्या बॅटरीलाही हवा. बॅटरी लहान आहे म्हणून तिचा शॉर्ट लहान नसतो.

आता वॉटबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे आहे. अँप्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, १००० वॉट, २००० वॉट, शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ. त्या चार अक्षरांवर एक पैसासुद्धा देऊ नका. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हा साधा हिशेब. बॅटरी १२ व्होल्टची. १००० वॉट काढायचे तर ८० अँपिअरच्या वर करंट लागेल. खोक्यातून निघालेल्या अँप्लिफायरला मागे ५ अँपिअरचा फ्यूज असेल तर १२ गुणिले ५ म्हणजे ६० वॉट. त्याहून जास्त तो आत घेऊच शकत नाही, मग बाहेर काय देणार? आमच्या मास्तरणीने आणखी एक हिशेब करून दाखवला. व्होल्टेज वाढवणारा वेगळा भाग आत नसेल तर १२ व्होल्टवरचा अँप्लिफायर ४ ओहमच्या एका स्पीकरला स्वच्छ आवाजात साधारण १८-२० वॉट देतो, ८ ओहमच्या स्पीकरला त्याच्या निम्मे. त्यावर नॉब फिरवलात तर आवाज फाटतो, वाढत नाही. म्हणून दुकानात विचारायचं, ‘‘आरएमएस वॉट किती?’’ आणि खोकं न बघता फ्यूज बघायचा.

दुसरी गंमत कानाची. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दुप्पट वॉटने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. २० वॉटचा काढून ४० वॉटचा लावला तर शेजारीण विचारेल, काही बदललंय का? त्यापेक्षा स्पीकरच्या मागचा डेसिबलचा आकडा बघा. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती आवाज येतो ते तिथे लिहिलेलं असतं. गाडीच्या छोट्या गोल स्पीकरचा तो ८७-८८ असतो, चांगल्या भोंग्याचा १०० च्या वर. म्हणजे एका वॉटचा भोंगा दहा वॉटच्या गोल स्पीकरलाही मागे टाकतो. बोलणं ऐकवायचं असेल तर भोंगा, गाणं ऐकवायचं असेल तर गोल स्पीकर. उघड्या रस्त्यावर धाडधाड बास मागणाऱ्या मुलींना आम्ही सरळ सांगतो, बास हवेत विरतो आणि त्याच्यापायी बॅटरी आधी संपते.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनहून चालत जाता येतं. तिथे एका दुकानात आम्ही चौघी उभ्या राहिलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, मिस्टरांना पाठवा ना, त्यांना सांगतो.’’ आमच्या काकू साठीच्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘मिस्टर गावाला गेलेत रे बाळा, तू दीड एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर दाखव.’’ त्याने मुकाट्याने दाखवली. वस्तूचं नाव नीट घेतलं की निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते, म्हणून नावं सांगतो, लिहून घ्या. लवचीक तांब्याची वायर, दीड स्क्वेअर एमएम, लाल आणि काळी. ब्लेड फ्यूज आणि त्याचा पाणी न जाणारा होल्डर. १२ व्होल्टचा चार पायांचा रिले. थिंबल आणि ती दाबायची पक्कड. हीट श्रिंक स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, केबल टाय. आणि एक साधा मल्टिमीटर, तो गटाच्या पैशांतून घ्या, सगळ्यांना पुरतो.

त्या रस्त्यावरून गिरगाव चौपाटीकडे चालत येताना काकूंनी उषा मेहतांचा विषय काढला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चलेजावची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले आणि त्यानंतर याच मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या, चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत ठेवायचे. नोव्हेंबरमध्ये धाड पडली, त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात शिकागो रेडिओचे नानिक मोटवानेही आरोपी होते. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारी कंपनी ती हीच. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की २२ वर्षांची मुलगी पोलिसांना चुकवत ट्रान्समीटर हलवत होती आणि आपल्याला फ्यूज लावायला मिस्टर कशाला?

आता प्रत्यक्ष काम. गाडीच्या बॅटरीलाच जोडायचं असेल, म्हणजे रोजच्या वापरासाठी, तर असं करा. किल्ली बंद. बॅटरीची मायनस वायर आधी काढा, प्लस नंतर. जोडताना उलट, प्लस आधी आणि मायनस शेवटी. कारण मायनस जोडलेली असताना प्लसवर पाना फिरवताना तो सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. हे आम्ही शुभ-अशुभाचं म्हणून सांगत नाही, प्लस आणि सांगाडा यांच्यामध्ये धातूची बांगडी आली तर ती क्षणात लाल होते.

प्लसवरून निघालेल्या लाल वायरवर फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. मिस्त्री लोक फ्यूज बऱ्याचदा अँप्लिफायरजवळ लावतात आणि म्हणतात लावला की. पण फ्यूज असतो वायर वाचवायला. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये जितकी वायर, तितकी उघडी पडली. छोट्या अँप्लिफायरला ५ किंवा साडेसातचा फ्यूज. ब्लेड फ्यूज रंगावरून ओळखता येतात : ५ चा फिका तपकिरी, साडेसातचा गडद तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका, का उडाला ते शोधा. आणि चांदीच्या कागदाने फ्यूज बांधणारा भेटला तर त्याला चहा पाजा, गाडीला हात लावू देऊ नका.

फ्यूजच्या पुढे रिले. रिले म्हणजे किल्लीच्या हुकमाने चालणारा दरवाजा. त्याच्या पायांवर आकडे असतात. ३० वर फ्यूजकडून आलेली लाल वायर, ८७ वरून अँप्लिफायरला, ८५ मायनसला आणि ८६ ला किल्ली फिरवल्यावरच जिच्यात वीज येते अशी वायर. ती मल्टिमीटरने शोधायची. किल्ली बंद असताना शून्य, चालू केल्यावर १२. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटची बहुधा तशी असते. असं केलं की किल्ली काढताच स्पीकर बंद, रात्रभर बॅटरी चाटत बसत नाही.

एक सूचना नव्या गाड्यांसाठी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचं पेट्रोल संगणक मोजतो. त्या गाडीची मूळ वायर कापून, सोलून जोड देऊ नका. बॅटरीवरून वेगळी वायर घ्या, नाहीतर सरळ आमची दोन किलोची बॅटरी बरी. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोठ्या बॅटरीला तर अजिबात हात लावायचा नाही. तिचा व्होल्टेज १२ च्या कितीतरी वर असतो.

काळी वायर कुठे? पुष्कळ जण ती जवळच्या एखाद्या बोल्टला बांधून मोकळे होतात. त्या बोल्टवर रंग असतो, गंज असतो, आणि मग रेस वाढवली की स्पीकरमधून कुंईं असा आवाज येतो. काळी वायर सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. मोबाइलची आवाजाची केबल आणि लाल वायर एकमेकींना चिकटवून नेऊ नका. मोबाइल त्याच बॅटरीवर चार्ज होत असेल आणि आवाजाची केबलही लावली असेल तरी कुंईं येतं. तेव्हा ब्लूटूथ वापरा.

स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत न्यायच्या, स्पीकरचा मायनस गाडीच्या सांगाड्याला जोडायचा नाही. आजच्या बहुतेक छोट्या अँप्लिफायरमध्ये दोन्ही वायरींत करंट असतो. सांगाड्याला टेकवलं की आतली चिप जाते, कधी धूर न काढता गुपचूप जाते. दुसरं, अँप्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर एकाच बाजूला ४ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडू नका, त्यांचे मिळून २ ओहम होतात आणि अँप्लिफायर तव्यासारखा तापतो.

हँडलच्या मानेजवळ वायर नेताना हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्ही टोकांना वायर सैल राहिली पाहिजे. लोखंडाच्या भोकातून जाते तिथे ग्रोमेट. सायलेन्सरपासून लांब. जोड पिळून काळी टेप गुंडाळलेली नको, उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटते. थिंबल दाबा, वर स्लीव्ह चढवून गरम करा. पावसाळ्यासाठी एक युक्ती आहे : वायर अँप्लिफायरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोका द्या, पाणी त्या झोक्यावरून टपकतं, आत जात नाही. भोंग्याचं तोंड किंचित खाली. हिंदमाताला पाणी तुंबतं हे आपल्याला नवीन नाही, म्हणून अँप्लिफायर पायाशी न ठेवता सीटखाली वरच्या बाजूला. आणि सगळं काढता-घालता येईल असं बसवायचं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. आम्ही भोकं पाडत नाही, वेल्डिंग करत नाही.

इथवर सगळं छान झालं. मग आम्ही नियम वाचायला घेतले आणि बैठकीत जोरदार वाद झाला.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. लाउडस्पीकर वापरायचा तर लेखी परवानगी लागते, मग तो मांडवात असो की स्कूटरवर. परवानगीसाठी आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज करायचा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर स्पीकरचा आवाज त्याहून १० ने जास्त किंवा ७५, यांतला जो आकडा कमी तो. म्हणजे वस्तीत ६५. रुग्णालय, शाळा, कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. आता परळ डोळ्यांसमोर आणा. केईएम, टाटा, वाडिया. आमच्या वहिनींचा विक्रीचा रस्ता बरोबर त्यांच्यामधून जातो. दादरला शिवाजी पार्कलाही शांतता क्षेत्राचा नियम आहे.

मास्तरणीने फळ्यावर हिशेब मांडला. भोंगा १०५ डेसिबलचा, दिला फक्त एक वॉट. अंतर दहापट झालं की मोकळ्यावर २० डेसिबल कमी होतात. म्हणजे दहा मीटरवर ८५. एका वॉटवर! अरुंद वाडीत भिंतींवरून आवाज परत येतो, तो वेगळाच. वीस वॉट, शंभर वॉट कशासाठी विकत घेतो आपण?

एक ताई चिडून म्हणाल्या, ‘‘मांडवातले डीजे चालतात आणि आमची इडलीच खटकते का?’’ राग खोटा नव्हता. त्यावर केईएमच्या समोरच्या चाळीत राहणाऱ्या दुसऱ्या ताई म्हणाल्या, ‘‘टाटाच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावची माणसं पेशंट घेऊन झोपलेली असतात. त्यांच्या डोक्यावरून ‘गरम इडली’ ओरडत जायचं का?’’ यावर कुणी बोललं नाही.

शेवटी ठरलं ते असं. रोजच्या विक्रीला भोंगा नाही. तिघींनी इमारतींच्या वॉचमनकडे नंबर ठेवले, मोबाइलवर यादी केली, सकाळी सातला मेसेज जातो. विसाव्या मजल्यावर भोंग्यापेक्षा तो बरा पोचतो. जळालेल्या स्कूटरच्या वहिनींची तुटलेली चारपैकी तीन गिऱ्हाईकं परत आली. भोंगा आणि अँप्लिफायर गटाच्या मालकीचे झाले. प्रदर्शनात, आरोग्य शिबिराच्या दवंडीला, परवानगीचा कागद असेल तिथे आम्ही ते भाड्याने देतो. पाडव्याच्या मुलींच्या गाड्यांचं काम घेतो, मजुरी आधी ठरवून आणि आयोजकांची परवानगी आहे का ते विचारून. आवाजाचा नॉब कुठवर फिरवायचा तिथे नेलपॉलिशने खूण करून देतो. मजुरीतला ठरलेला हिस्सा गटाच्या वहीत जमा होतो, मसाला आणि पापडाच्या शेजारच्या रकान्यात. लालबागमध्ये मसाला विकणाऱ्या किती जणी आहेत ते तुम्हाला माहीत आहे. गाडीवर नीट फ्यूज लावून देणारी अजून आम्हाला दुसरी भेटलेली नाही. भेटली तर आमच्याकडे पाठवा, पाडव्याच्या आठवड्यात हात कमी पडतात.

गाडी चालवणाऱ्या मुलींसाठी दोन शब्द. कानात इयरफोन घालून चालवू नका, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आणि ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर ऐकण्याला धोका असतो, त्यावर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ढोलताशाच्या पथकामागे बुलेट असेल तर कापूस नको, मेडिकलमध्ये मिळतात ते फोमचे बोळे घाला. फेट्याखाली दिसतही नाहीत.

जाता जाता एक चाचणी सांगतो. दोन स्पीकर असतील तर दोघांचे पडदे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत गेले पाहिजेत, नाहीतर एकाचा आवाज दुसरा खातो. काही स्पीकरवर प्लस-मायनसची खूण पुसलेली असते. अँप्लिफायरपासून वायर सुटी करा. घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. टक असा आवाज येईल. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरीला लागला ती प्लस, आत गेला तर उलटी. त्या वायरीला लाल दोरा बांधून ठेवा, मग दुसरा स्पीकर घ्या.